वितळणीचे दिवस

मार्च सरता सरता डोंगर आतून वाजायला लागतो.
वर, हिदाच्या उतारांवर, अजून पुरुषभर बर्फ;
पण खाली, दोनशे मीटर दगडाच्या आत,
बोगद्याच्या छताला घाम फुटतो
आणि गटारातून पाणी पळतं
शाळा सुटल्यासारखं.

आमचं यंत्र आंधळं होतं ते याच दिवसांत.
तीन-तीन किलोमीटरच्या दोन भुजा,
टोकांना नीलमण्यांचे आरसे,
चंद्राच्या सावलीहून थंड केलेले,
नीलमण्याच्याच काड्यांवर टांगलेले,
आणि त्यांच्या शेजारून
हे उनाड पाणी.

पाण्याकडे होसाकू-सान बघतात.
जस्ताच्या खाणीत तेवीस वर्षं काढलेली,
डावा कान सुरुंगांनी नेलेला.
झडप उघडण्याआधी लहान हातोडीने खडक ठोकतात,
गिऱ्हाईक कलिंगड ठोकतं तसा,
मग उजवा कान लावून म्हणतात,
"रात्री वाढेल, पोरी. तुझ्या ताऱ्यांना सांग, उद्या या."

तारे उद्या येत नाहीत.

त्या मंगळवारी पहाटे तीन अकराला
लुईझियानाच्या पाइनच्या रानात एक रेघ उमटली,
वॉशिंग्टनच्या माळावर तीच, सहा मिलिसेकंद मागून:
आधी खोल, जाड, मग बारीक होत
वर वर चढत गेलेली दीड मिनिटाची शीळ.
दोन विझलेले तारे,
एकेक इथून फुरुकावाच्या रस्त्याएवढा रुंद,
शेवटी शेवटी सेकंदाला शेकडो फेऱ्या घालत
एकमेकांत पडले.
आमच्या पडद्यावर त्या वेळी
फक्त पाणी होतं.

आठवडाभर मी दुसऱ्यांच्या आकड्यांवर बसले.
शिळेतून दोघांची वजनं सुटी निघत नाहीत.
निघतं ते गुंतलेलं एकच वजन,
चार दशांशांपर्यंत चोख;
कोण जड, कोण हलका, ते धूसर.
अंतराचंही तेच:
जवळ असून तिरके फिरत होते,
की लांब असून आपल्याकडे तोंड करून,
शीळ दोन्ही वेळा तितकीच मंद.
होसाकू-साननी हे दोनदा सांगायला लावलं.
"हं. आमच्या घराबद्दल गावात असंच बोलायचे."
आणि डबा उघडला.
बायकोचं नाव काढलं नाही.
ते तोमिए होतं,
हे मला पंपघरातल्या छत्रीच्या मुठीवर सापडलं.

भात संपल्यावर त्यांनी विचारलं,
जे मला कुठल्याच परिषदेत कुणी विचारलं नाही:
"तीन अकराला ती लाट इथूनही गेली?"
गेली.
"दगडातून?"
दगडातून, पाण्यातून, पंपातून. तुमच्यातून.
"मग मी काय करत होतो?"

वही काढली. त्यांचीच, पेन्सिलची.
०३:१०, झडप चार, अर्धी उघडली.
०३:१५, बंद.

म्हणजे झडपेच्या चाकावर हात असताना
तुम्ही जरा उंच झालात, जरा बुटके,
पुन्हा उंच, हजारो वेळा,
अणूच्या गाभ्याच्या कोट्यंशाने.
ही लाट निघाली तेव्हा
जमिनीवरच्या रोपांना पान कसं असतं ठाऊक नव्हतं.
चाळीस कोटी वर्षं ती कशाला अडखळली नाही,
आणि तुम्हालाही नाही.

ते हसले नाहीत.
बराच वेळ चाकाकडे बघत राहिले.
"मला वाटलं, गुडघा."

मग दोन ओळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत
अक्षर आणखी लहान करून लिहिलं:
०३:११, पाण्याखेरीज काहीतरी.

ही नोंद कुठल्याच निबंधात जायची नाही.
चुकीची आहे, हे मी त्यांना सांगायला हवं होतं;
गुडघ्याला एवढं कळत नाही.
छतावरून एक थेंब नेमका त्या ओळीवर पडला.
पेन्सिल होती,
पसरली नाही.